बुटांच्या खोक्यातून इलेक्ट्रॉनची ऊर्जा कशी वाचायची

बारावीची पोरं प्रॅक्टिकलचं विचारायला माझ्याकडे येतात, तेव्हा वहीत अणू हमखास काढलेला असतो: मधे केंद्रक, भोवती गोल फिरणारे इलेक्ट्रॉन. ते चित्र खोडायला लावण्याआधी मी खोका बनवायला लावते.

बुटांचा खोका घ्या. अरुंद बाजूला आडवी खाच कापा, तिच्यावर दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे धारेसमोर धार करून चिकटवा. मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी हवी. सगळी मेख या फटीत आहे. ती रुंद झाली की रंगांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. समोरच्या टोकाला प्रकाशाचे रंग सुटे करायला सीडी ठेवा, चकचकीत अंग फटीकडे, साधारण ६० अंशांत कललेली. तिच्या वर झाकणाला डोळ्यापुरतं भोक. सीडी विकत आणू नका, कुणाच्या तरी मुंजीची घरात सापडतेच. खोका सूर्याकडे रोखायचा नाही, एवढं पथ्य.

दिवा जुना सीएफएल हवा. पांढऱ्या एलईडीत रंगांचा सलग पट्टा दिसतो, तो इथे कामाचा नाही. घरी नसेल तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून पाहा.

आता फट दिव्याकडे धरून खोका हळूहळू कलवा. सुट्या रेषा दिसतील. लाल रेषा दिव्याच्या आतल्या लेपाची. हिरवीत दिव्यात भरलेला पारा आहे, पण लेपाचा हिरवाही तिला चिकटून असतो. म्हणून निळी-जांभळी घ्या. ती पाऱ्याची, तरंगलांबी ४३६ नॅनोमीटर. १२४० ला (प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, या एककांत) ४३६ ने भागा: २.८४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे अणूच्या मापाच्या एककात या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा. पाऱ्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन एका ऊर्जेवरून दुसरीवर उतरला, त्यातला हा फरक. २.७ नाही, ३ नाही. तो ग्रहासारखा हवा तसा फिरत असता, तर रेषेऐवजी पट्टाच दिसला असता.

ऊर्जा अशा ठरावीकच असतात, हे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये हायड्रोजनसाठी गृहीत धरलं. का असतात, ते श्रोडिंगरच्या १९२६ च्या, इलेक्ट्रॉनला लाट मानणाऱ्या समीकरणातून निघालं. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली, म्हणून तिला मोजकीच कंपनं जमतात. केंद्रकाच्या ओढीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या लाटेचंही तसंच.

आता वहीतली वर्तुळं खोडा. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या ऊर्जेसाठी पेन्सिलीने ठिपके द्या, मध्याशी दाट, बाहेर विरळ. ठिपके म्हणजे पुष्कळ इलेक्ट्रॉन नव्हेत, तो एकच आहे. जिथे दाटी, तिथे तो सापडायची शक्यता जास्त. मॅक्स बॉर्नने (हा बोर नव्हे) १९२६ मध्येच लाटेच्या उंचीच्या वर्गाचा हा अर्थ लावला. तोंडी परीक्षेत नेमकं इथेच अडकतात.

जमलं तर गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका आणि खोका हातभर लांब धरून बघा. पुठ्ठा आहे, पेटेल. पिवळी रेषा सोडियमची, ५८९ नॅनोमीटर. भागाकार तुम्हीच करा, २.१ च्या आसपास यायला हवा.