जुन्या गाडीची बॅटरी रात्रीत बसते? या चुका टाळा

आमच्या चोपड्याच्या घरी आप्पांची डायनामोवाली फियाट अजून चालती आहे. मध्ये एका वर्षात मी तिला दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. जुन्या बॅटरीत काही खोट नव्हती, हे नंतर कळलं. संध्याकाळी जळगावहून येऊन गाडी ओट्यासमोर लावायची आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. मग आठवडाभर काहीच नाही आणि एके दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने सुनावलं, "बॅटरी शेवटी बदलायची भो, पहिले नाही."

न मोजता खर्च करणं

गाडी बंद केल्या केल्या व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावू नका, तेव्हा आकडा फुगलेला येतो. चार-पाच तास जाऊ द्या. मग 12.6 व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली बॅटरी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी, केबल काढून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा तोच असेल तर चोर गाडीत आहे. केबल काढूनही उतरली तर दोष बॅटरीचा, किंवा तिच्या माथ्यावर साचलेल्या ओलसर मळाचा. हा मळ दोन टर्मिनलांमध्ये करंट वाहून नेतो. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून पुसून काढा, झाकणं मात्र घट्ट लावलेली असू द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, ॲसिडमधलं पाणी भराभर उडतं. त्यात बोअरचं पाणी ओतणारे मी पाहिलेत. डिस्टिल्डच घाला.

आणि हो, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, गाडीचा टेप चार तास चालू, आणि निघताना बॅटरी बसली, तर ते लिकेज, म्हणजे गाडी बंद असताना चोरून जाणारा करंट, नव्हे.

मीटर चुकीचा लावणं

करंट मोजायचा तर मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आडवा लावत नाहीत. अर्थची केबल काढून, ती आणि टर्मिनल यांच्या मध्ये लावतात. लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात. पण त्याआधी त्याच जागी 12 व्होल्टचा साधा बल्ब लावून बघा. भगभगीत पेटला तर मीटर लावूच नका, आतला फ्यूज उडेल. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, हॉर्नही नाही. दरवाजाचा दिवा लागलेला असेल तर तोच मोजला जाईल, म्हणून दार बंद करा.

इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. घड्याळ किंवा नवा टेप असेल तर थोडे मिलिअँपिअर चालतात. डिक्कीतला 5 वॉटचा दिवा विझला नाही तर तो सुमारे 0.4 अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर. लहान बॅटरी तीन-चार दिवसांत साफ.

फक्त फ्यूज काढून शोधणं

एकेक फ्यूज काढत मीटर बघायचा, रीत बरोबर आहे. पण जुन्या गाडीत फ्यूज मोजकेच आणि सगळ्या वायरी त्यांतून जात नाहीत. त्यात कुणाच्या तरी लग्नात नवरदेवासाठी सजवताना बॅटरीवरून थेट ओढलेली लायटिंगची वायर तशीच राहिलेली असते. बॅटरीच्या टर्मिनलवर कंपनीच्या वायरींशिवाय काय काय जोडलंय ते आधी मोजा.

कटआउट विसरणं

आमचा चोर इथे सापडला. कटआउट म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-सोडणारा चुंबकी स्विच. डायनामो थांबला की कटआउटचे पॉइंट सुटायला हवेत. ते चिकटले तर बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जातो, तोही थोडाथोडका नाही. रात्रीत खेळ खलास. गंमत अशी की तपासायला केबल काढली की चुंबकाची ओढच संपते, पॉइंट सुटतात आणि मीटर शून्य दाखवतो. आम्ही तीनदा फसलो.

पकडायची युक्ती सोपी आहे. गाडी बंद केल्यावर लगेच किल्ली पुन्हा ऑन करा, इंजिन चालू न करता. चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ठीक. बल्ब चांगला असूनही लागला नाही तर कटआउट चिकटलेला असण्याची शक्यता मोठी. दोन तासांनी बॉनेट उघडून डायनामोला हात लावा. इंजिन गार आणि डायनामो कोमट, तर तेच. त्या रात्री अर्थची केबल काढूनच झोपा. आमचे पॉइंट काळे पडून खडबडीत झाले होते. वायरमनने घासून दिले, महिनाभर चाललं, मग कटआउटच बदलला.

डायनामोऐवजी ऑल्टरनेटर असलेल्या गाडीत हीच जागा खराब डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेतो. ऑल्टरनेटरच्या वायरी काढल्यावर आकडा पडला तर समजायचं. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल उपटायची 'टेस्ट' तिथे कुणाला करू देऊ नका. त्या झटक्याने चांगला डायोड आणि रेग्युलेटरही जातो.