शटर उघडत नाही? पहार आणण्याआधी हे बघा

खानदेशात 'गॅरेज' म्हटलं की मेकॅनिकचं दुकानच डोळ्यांसमोर येतं. घराखालच्या गाडीच्या खोलीला आपण नुसतं 'पार्किंग' म्हणतो आणि तिला दार असतं ते दुकानाला असतं तसंच, वर गुंडाळलं जाणारं लोखंडी शटर. हे शटर अडतंही नेमकं सकाळी, शाळेची वेळ झालेली आणि गाडी आत असताना. शेजारचे भाऊ 'काय व्हयनं भो?' म्हणत येतात आणि उत्तर ऐकायच्या आत हँडलला हिसका देतात.

पहिली गोष्ट म्हणजे हिसका नको. हे मी शहाणपणाने सांगत नाही. एका मे महिन्यात भर दुपारी मी पहार घालून आमचं शटर उचकटायला गेलो, तळाची पट्टी मधोमध वाकवली, आणि मग जिन्याच्या दाराने आत गेल्यावर दिसलं की डाव्या बाजूची आतली खिट्टी रात्री भाच्याने लावून ठेवली होती. शटरला काहीही झालं नव्हतं. जे झालं ते मी केलं.

शटर अडण्याच्या जागा चारच: कुलूप, तळ, बाजूचे गाईड (भिंतीला लागून असलेल्या उभ्या लोखंडी पन्हाळी, ज्यांत पट्ट्यांची टोकं सरकतात) आणि वरची स्प्रिंग. मोटर असेल तर पाचवी. याच क्रमाने बघा, कारण पहिल्या तीन गोष्टी घरी सुटतात आणि चौथीला हात लावायचा नसतो.

आधी कुलूप

दोन्ही बाजूंची लॉक आणि मधलं सेंटर लॉक, तिन्ही तपासा. एका बाजूचं उघडलं की माणूस गडबडीत दुसरं विसरतो. आत जायला दुसरं दार असेल तर आतल्या खिट्ट्याही बघून या.

किल्ली शिरते पण फिरत नसेल, तर बहुतेक वेळा लॉकची पट्टी गाईडच्या भोकात दाबून बसलेली असते. तळाच्या पट्टीवर पाय देऊन शटर थोडं खाली दाबा, आणि दाबलेलं असतानाच किल्ली फिरवा. तरी नाही फिरली तर शटर किंचित वर उचलून बघा. किल्लीला पक्कड लावू नका. तुटलेली किल्ली भोकातून काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

किल्ली आत शिरतच नसेल तर भोकात डोकावा. उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या शटरच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते. गावाकडच्या गोदामावर हे हमखास दिसतं. बारीक तारेने माती कोरून बाहेर ओढा, आत ढकलू नका. नंतर पेन्सिलचं शिसं किसून ती पूड किल्लीला लावा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. लॉकमध्ये गोडंतेल सोडणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की ते तेल आपल्या धुळीबरोबर मिळून सहा महिन्यांत डिंक होतं.

मग तळ

जमिनीशी बसून तळाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. पावसाळ्यात चाकांबरोबर आलेला काळ्या मातीचा चिखल पट्टीखाली वाळला की सिमेंटसारखा धरतो. त्यावर तांब्याभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि लाकडाच्या फळीने खरवडा. समोरचा रस्ता किंवा ओटा नव्याने केला असेल तर त्याचा माल पट्टीला चिकटलाय का, तेही बघा. इथे फार काही नसतं, पुढे चला.

गाईड: खरी मेख इथे असते

शटर वीतभर वर येतं आणि अडतं, किंवा एक बाजू वर येते आणि दुसरी मागे राहते, तर गाईडवर संशय घ्या.

तीन गोष्टी बघायच्या. एक, गाडीचा बंपर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागून गाईड कुठे चेपलाय का. चेपलेली जागा रंगावरच्या ओरखड्याने ओळखू येते. गाईडच्या आत जाडीच्या मापाची लाकडी पट्टी घालून बाहेरून हलक्या हातोडीने ठोकत ती सरळ करता येते. दोन, पट्ट्या एका अंगाला सरकल्यात का. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीत अडकवलेली असते आणि टोकाच्या क्लिपा गळल्या की ती आडवी सरकून गाईडला घासते. शटर पूर्ण खाली असताना, सरकलेल्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून तिला हळूहळू जागेवर बसवा. तीन, टेप घ्या आणि दोन गाईडमधलं अंतर खाली, मध्ये आणि वर मोजा. तिन्ही मापं सारखी यायला हवीत. खाली-वर पाच-सहा मिलिमीटरचा फरक निघाला तर घोळ शटरमध्ये नाही, भिंतीत आहे.

तापी-गिरणेच्या पट्ट्यात ही तिसरी गोष्ट विसरून चालत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. पाया उथळ असेल तर तिच्याबरोबर पिलरही थोडे हलतात आणि गाईड ओळंब्यातून जातो. श्रावणात अडणारं शटर मार्चमध्ये मोकळं फिरत असेल तर तेलाचा डबा बाजूला ठेवा आणि गवंड्याला दाखवा.

'उन्हाने लोखंड फुगलं' हे कारण आपल्याकडे सर्रास देतात. जळगाव-भुसावळचं ऊन काय चीज आहे ते मला माहीत आहे, पण हिशेब करून बघा. तीन मीटर लांबीची लोखंडी पट्टी तीस अंशांनी जास्त तापली तरी लांबीत जेमतेम एक मिलिमीटर वाढते. नीट बसवलेल्या शटरला तेवढी जागा सोडलेलीच असते. सकाळी उघडणारं शटर दुपारी दोनला अडत असेल, तर गाईड आधीच आवळले होते आणि उन्हाने ते फक्त दाखवून दिलं.

साफसफाईचं म्हणाल, तर गाईडमधली धूळ जुन्या ब्रशने काढा, कापसाच्या गावात असाल तर सरकीचा भुसभुशीत कापूसही निघेल. मग कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या. गाडीचं जळकं ऑइल ओतायची पद्धत जुनी आहे आणि पहिले आठ दिवस शटर लोण्यासारखं चालतंही. नंतर त्याच ऑइलवर धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो.

स्प्रिंग: इथे हात आखडता घ्या

कुलपं उघडी आहेत, तळ मोकळा आहे, गाईड स्वच्छ आहेत, तरी शटर दगडासारखं जड लागतंय, तर वरची स्प्रिंग गेली असं धरा. रात्री वरून 'धाड' असा आवाज आला होता का, घरात विचारा. शटर एका बाजूने तिरकं उचललं जाणं, किंवा वर नेलं तरी न थांबता खाली येणं, याही खुणाच.

वजनाचा अंदाज घ्या. १८ गेजचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटर जाड असतो. १० फूट रुंद आणि ८ फूट उंच शटरचा नुसता सपाट पत्राच सत्तर किलोच्या वर भरतो, आणि पट्ट्यांची वळणं, तळाची पट्टी, लॉक यांचं वजन वेगळं. रोज एका हाताने आपण जे उचलतो, त्यातलं बहुतेक ओझं स्प्रिंग वाहत असते. शटर खाली असताना ती सगळ्यात जास्त पिळलेली असते. म्हणून बंद शटरचं वरचं कव्हर उघडून, शटर ज्यावर गुंडाळलं जातं त्या पाईपचे बोल्ट ढिले करायचे नाहीत, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी. पाईप उलटा फिरला तर हात मोडतो.

गाडी काढायचीच असेल तर तीन-चार जण बोलवा. दोघे दोन्ही टोकांना, एक मध्ये, आणि एक जण फक्त टेकू लावायला. शटर खांद्यापर्यंत आलं की दोन्ही गाईडजवळ जाड लाकडी टेकू द्या, मग उचला तसे टेकू वाढवत न्या. टेकू नसताना खाली कोणी वाकू नये आणि लहान मुलं तर अंगणातच नकोत. गाडी बाहेर आली की शटर खाली उतरवा, लॉक करा आणि मिस्त्रीला बोलवा. तो एकच स्प्रिंग बदलतो म्हणाला तर सगळ्या बदलून घ्या. सोबत बसवलेल्या बाकीच्या तेवढ्याच जुन्या आहेत.

मोटर असेल तर

रिमोट चालत नसेल तर आधी भिंतीवरचं बटण दाबा. बटणाने चाललं तर रिमोटचा सेल बदला, काम संपलं. दोन्हीने काही होत नसेल तर एमसीबी बघा. मोटर नुसती घूं घूं करत असेल तर बटण लगेच सोडा, कारण एक तर लॉक लागलेलं आहे, नाही तर व्होल्टेज पडलंय, नाही तर कपॅसिटर गेलाय. लॉक तुम्ही बघा. व्होल्टेज संध्याकाळी गावभर पाण्याच्या मोटारी सुरू झाल्यावर पडतं, तासाभराने पुन्हा प्रयत्न करा. कपॅसिटर मात्र इलेक्ट्रिशियनकडे सोपवा, तो लाईट बंद केल्यावरही झटका देतो. लागोपाठ चार-पाच वेळा वर-खाली केल्याने मोटर तापून आपोआप बंद झाली असेल तर अर्धा तास निवू द्या. पत्र्याखाली, मे महिन्यात, जास्तच.

लाईट गेली असेल तर बाजूच्या मोटरला हाताने ओढायची साखळी असते, मधल्या मोटरला क्लच सोडायची दोरी. दोरी ओढण्याआधी शटर पूर्ण खाली आहे याची खात्री करा, नाही तर ते अंगावर येऊ शकतं. ही साखळी किंवा दोरी कुठे आहे ते आज उजेडातच घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

मिस्त्रीला फोन करताना नुसतं 'शटर उघडी नही राहिनं' म्हणू नका. रुंदी-उंची फुटांत सांगा, हाताचं, साखळीचं की मोटरचं ते सांगा, कुठल्या बाजूला अडतंय आणि आवाज कसा आला तेही. म्हणजे तो स्प्रिंग बरोबर घेऊन येईल, नुसतं बघायला म्हणून एक फेरी आणि आणायला म्हणून दुसरी, असं होणार नाही.