लॅपटॉप सुरू झाल्यावर हार्ड डिस्क थांबतच नाही, तेव्हा

माझा जुना लॅपटॉप डेस्कटॉप दाखवायचा, पण डिस्कचा दिवा काही विझायचा नाही. एकदा मोबाइलवर वेळ लावून बसले. अकरा मिनिटं! मुद्रितं तपासण्याचं माझं काम, आणि तोवर फाइल उघडायची सोय नाही.

विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. माझी १०० टक्के होती, पण वेग सेकंदाला जेमतेम दीड एमबी. हे कसं? ते १०० टक्के म्हणजे डिस्क पूर्ण वेळ गुंतलेली आहे, एवढंच. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा हेडखाली, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा जातो, वर हेड सरकण्याचा वेळ वेगळा. दहा प्रोग्रॅम एकदम बारक्या बारक्या फायली मागायला लागले की डिस्कचा वेळ वाचण्यापेक्षा धावाधावीतच जातो. तेव्हा गर्दी कमी करायची.

कोण मागतंय ते तिथेच खाली असलेल्या ‘ओपन रिसोर्स मॉनिटर’मध्ये दिसतं. डिस्क टॅबमध्ये फायलींची नावंसुद्धा येतात. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा सगळ्यात वर प्रिंटरची शाई मोजणारा प्रोग्रॅम होता. प्रिंटर तर मी वर्षापूर्वीच देऊन टाकला होता.

मग टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ हाय असलेल्यांवर राइट क्लिक करून डिसेबल करा. प्रोग्रॅम जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. मी सात बंद केले. अँटिव्हायरस आणि टचपॅडला मात्र हात लावला नाही. मशीनवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच. एकच फाइल दोघं तपासत बसतात.

सर्च इंडेक्सिंग, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून विंडोज फायलींची सूची करतं ते, पूर्ण बंद करू नका. कंट्रोल पॅनेलच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ‘मॉडिफाय’ दाबून जुन्या फोटोंसारखे फोल्डर वगळा.

‘सिसमेन’ ही सर्व्हिस बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. नेहमीचे प्रोग्रॅम ती आधीच मेमरीत आणून ठेवते. मी बंद करून पाहिली. दिवा लवकर विझला, पण ब्राउझर उघडायला जास्त वेळ लागू लागला. परत चालू केली. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ज्यात नोंदी ठेवतं तो प्रीफेच फोल्डर रिकामा करणं तर निव्वळ उलटा उद्योग. विंडोज तो पुन्हा भरतं.

मेमरीही बघा. सुरुवातीलाच रॅम भरत असेल तर विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलचा आधार घेतं, आणि मग वरचं सगळं केलं तरी फरक थोडाच.

एक सावधगिरी: वेळ मोजताना शटडाउन नको, रिस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, त्यामुळे तुलना चुकते. माझे अकरा मिनिटांचे चार झाले. पुढे एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवली, तेव्हा हा प्रश्नच उरला नाही.

हे सगळं करूनही डिस्क अडखळत असेल, टक्-टक् आवाज येत असेल, तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदललेल्या जागा, बघा. तो आकडा वाढत असेल तर स्टार्टअपचं राहू द्या, आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या.