‘अर्ज भरा’चं ‘अज भरा’ होऊ नये म्हणून: वेबपेजवर मराठी मजकूर नीट कसा बसवावा

एका पतसंस्थेच्या ऑनलाइन अर्जाचं काम माझ्याकडे होतं. इंग्रजीत सगळं छान दिसत होतं. मराठी चालू केलं आणि पहिल्याच बटणावरचा रफार उडाला. ‘अर्ज भरा’चं झालं ‘अज भरा’. अज म्हणजे बोकड. काउंटरवरच्या ताईंना हे कुणीतरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “दादा, बोकड नेमका कुठं भरायचा, तेही लिहा खाली.”

मजकुरात चूक नव्हती. ‘अर्ज’ हा शब्द फाइलमध्ये रफारासकट बरोबर होता. चूक होती ती तो शब्द ज्या चौकटीत आणि ज्या मापांनी मांडला होता, त्यात. वेबपेजवरच्या मजकुराचं रूप, म्हणजे आकार, जाडी, ओळींमधलं अंतर, रंग, सीएसएस ही नियम लिहायची भाषा ठरवते. होकोन व्युम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. सीएसएसला स्वतःला कुठल्याच लिपीचं वावडं नाही. पण आपण वापरतो त्या लायब्रऱ्यांमधले, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या नियमांच्या संचांमधले, आकडे बहुतेक वेळा रोमन अक्षरं समोर ठेवून बसवलेले असतात. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं, शिवाय वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार घेऊन फिरतं. रोमनच्या मापाचा शर्ट त्याला गळ्यात आणि घेरात, दोन्हीकडे तोकडा पडतो.

खाली मी ज्या क्रमाने काम करतो तोच क्रम दिला आहे. गुणधर्मांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत; फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

१. आधी पानाला सांगा की ही मराठी आहे

एचटीएमएलच्या, म्हणजे पानाचा सांगाडा असलेल्या फाइलच्या, सगळ्यात वरच्या टॅगमध्ये ‘लँग’ नावाचा ॲट्रिब्यूट असतो. टेम्प्लेट उचललं की तिथे ‘ई-एन’ म्हणजे इंग्रजी लिहिलेलं येतं आणि तसंच राहून जातं. ते बदलून ‘एम-आर’ करा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्यावर बरंच अवलंबून आहे.

एक तर स्क्रीन-रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, कुठल्या भाषेचा आवाज लावायचा ते यावरून ठरवतो. दुसरं, आपले ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदी छपाईतल्या रूपांपेक्षा वेगळे असतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, दोन्ही रूपांना संकेतांक एकच. कुठलं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि बहुतेक फॉन्ट भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी रूप काढतात. तेही त्या फॉन्टमध्ये ते रूप घातलेलं असेल तर. ‘लँग’ हिंदी किंवा इंग्रजी ठेवून ‘आमच्या साइटवर ल हिंदीतला का येतो’ म्हणून फॉन्टवाल्याला दोष देणारे मी पाहिले आहेत. पहिली दोन वर्षं त्यांच्यात मीही होतो.

तिसरा फायदा खास आपल्या कामाचा. सीएसएसमध्ये ‘लँग’ याच नावाचा सिलेक्टर आहे. त्याने ‘भाषा मराठी असेल तेव्हाच हे नियम लावा’ असं सांगता येतं. पुढचे सगळे नियम मी त्या एकाच कप्प्यात ठेवतो. इंग्रजी पान बिघडत नाही, आणि सहा महिन्यांनी काही शोधायचं झालं तर कुठे बघायचं ते माहीत असतं.

२. एक वाईट ओळ तयार ठेवा

डिझाइनवाले ‘नमस्कार’ किंवा ‘मुख्यपृष्ठ’ टाकून बघतात आणि खूश होतात. तेवढ्याने काही कळत नाही. माझ्याकडे एक ओळ आहे, ती मी प्रत्येक बटणात, मथळ्यात, यादीत आणि चौकटीत चिकटवून बघतो:

शत्रूंनी कुऱ्हाडीने उद्ध्वस्त केलेल्या मूर्तींचं दुःख वाङ्मयात, ऑर्डर क्र. १२३४५, शिल्लक ₹ ५,६७,८९०

अर्थाच्या फंदात पडू नका. ‘त्रूं’मध्ये वर अनुस्वार आणि खाली उकार एकाच अक्षराला आहेत. ‘र्तीं’वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी. ‘ऱ्हा’ हे आपल्या मराठीचं खास दुखणं. ‘द्ध्व’ आणि ‘ङ्म’ ही जोडाक्षरं फॉन्ट कच्चा असेल तर लगेच फुटतात. ‘शिल्लक’मध्ये ‘श’ आणि ‘ल’ दोन्ही तपासून होतात. ही ओळ जिथे नीट दिसते तिथे बाकी मराठी सहसा त्रास देत नाही.

३. फॉन्ट

फॉन्ट सांगितलाच नाही तर ज्याच्या त्याच्या यंत्रात असेल तो लागतो. विंडोजवर बरीच वर्षं र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ होता, विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ आला. अँड्रॉइडवर सहसा ‘नोटो’ दिसतो, ॲपलच्या यंत्रांवर ‘कोहिनूर देवनागरी’. या चौघांची उंची, जाडी आणि वरखालची मोकळी जागा वेगवेगळी आहे. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर बसलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर बाहेर लोंबतो.

त्यापेक्षा एक मुक्त फॉन्ट निवडून पानासोबतच पाठवावा. लहान अक्षरांच्या कामासाठी ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मला बरा वाटतो. लेखासारखा लांब मजकूर असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघा. हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी कुटुंबं तिरोवाल्यांनी केली आहेत, यावरूनच त्यांची नजर कळते. फाइल हलकी करायच्या नादात फॉन्टची काटछाट करताना मात्र जोडाक्षरांचे नियम कापले जात नाहीत ना, ते वरच्या ओळीने तपासा. ते गेले की ‘द्ध्व’च्या जागी पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी राहतात.

४. ओळीची उंची

बोकड इथेच शिरला होता. लायब्ररीने बटणाला ‘लाइन-हाइट’ १ दिली होती, म्हणजे अक्षराचा आकार १६ पिक्सेल असेल तर ओळही १६ पिक्सेल उंच. वर ‘ओव्हरफ्लो हिडन’, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते कापा. रफार चौकटीबाहेर गेला, कापला गेला.

मराठी मजकुराला मी साध्या परिच्छेदासाठी १.६ ते १.७, मथळ्यासाठी १.३५ ते १.४ आणि बटणासाठी किमान १.४ ठेवतो. हे कुठल्या ग्रंथातले आकडे नाहीत, हाताला बसलेले आहेत. फॉन्ट बदलला की पुन्हा वरची ओळ टाकून बघायची.

आकडा लिहिताना पुढे एकक लावू नका. समजा मूळ मजकूर १६ पिक्सेलचा आहे आणि तुम्ही ओळीची उंची ‘२४ पिक्सेल’ लिहिली. ती उंची पानावरच्या मथळ्यालाही वारशाने मिळते. मथळा ३२ पिक्सेलचा, ओळ २४ची. दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ‘१.५ ईएम’ (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) लिहिलं तरी तेच, कारण वारशात हिशेब करून आलेले २४ पिक्सेलच जातात. नुसतं १.५ लिहिलं की प्रत्येक जण आपापल्या आकाराला गुणून घेतो.

बटणाला किंवा चौकटीला ठरावीक उंची देऊ नका. किमान उंची द्या आणि वरखाली पॅडिंग, म्हणजे मजकूर आणि चौकटीची कड यांमधली मोकळी जागा, ठेवा, मजकूर वाढला की चौकट वाढेल. रुंदीचंही तसंच. ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ येणार आहे, ‘लॉगिन’च्या जागी कुणी ‘खात्यात प्रवेश करा’ लिहिणार आहे.

आकाराबद्दल थोडक्यात: अनेक फॉन्टांत देवनागरी शेजारच्या रोमनपेक्षा बारीक दिसते. मराठीच्या कप्प्यात मी आकार पाच ते दहा टक्के वाढवतो, आणि मापं पिक्सेलऐवजी ‘रेम’मध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत, ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं असेल तर त्याचा मान राहतो.

५. अक्षरांमधलं अंतर: शून्य

पतसंस्थेच्या त्याच पानावर मथळ्यातली अक्षरंही सुटी पडली होती, ती ‘लेटर-स्पेसिंग’मुळे. रोमनमध्ये मोठ्या लिपीतले शब्द जरा सुटे ठेवले की देखणे दिसतात, म्हणून मटेरियल डिझाइन या गूगलच्या डिझाइन-नियमावलीच्या जुन्या आवृत्तीत बटणावरच्या १४ आकाराच्या मजकुराला १.२५ एवढं अंतर मुळातच होतं. तेच आपल्याकडे लावलं की दोन अक्षरांच्या मधोमध शिरोरेघ तुटते. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी दर वीतभर कापावी तसं. उणे अंतर दिलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. मराठीच्या कप्प्यात ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य करा, विषय संपला. अँड्रॉइड ॲपमध्येही याच नावाचं सेटिंग बटणाच्या शैलीत सापडेल.

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या नियमावलीत एक निकष आहे: वाचणाऱ्याने अक्षराच्या आकाराच्या हिशेबाने ओळींचं अंतर दीडपट, परिच्छेदांमधलं दुप्पट, अक्षरांमधलं ०.१२ पट आणि शब्दांमधलं ०.१६ पट केलं तरी मजकूर कापला जाऊ नये. वाचणारा स्वतः ते करत असेल तर त्याला करू द्यावं. आपण आपल्याकडून अक्षरं फोडायची नाहीत. ज्या लिपीत यातला एखादा गुणधर्म वापरातच नाही, तिला त्यापुरती सूट त्याच निकषात दिलेली आहे.

६. मजकूर कापायची वेळ आली तर

यादीत लांब नाव आलं की शेवटी तीन टिंबं लावतात. हे काम सीएसएसच्या ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो’ला करू द्या. जावास्क्रिप्टमध्ये ‘पहिली नऊ अक्षरं घे’ असं लिहिलंत तर ‘महाराष्ट्र’चं ‘महाराष्ट्’ होतं, कारण संगणकाच्या मोजणीत त्या शब्दात दहा खुणा आहेत आणि शेवटची खूण म्हणजे ‘र’. ‘स्त्री’ हे आपलं एक अक्षर त्याच्या लेखी सहा खुणांचं असतं.

गोल चिन्हात नावाचं पहिलं अक्षर दाखवायची पद्धत आहे ना? तिथे ‘ज्ञानेश्वर’चा होतो ‘ज’. पहिली खूण तीच. यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ आहे, तो अक्षर ओळखून तोडतो. पण जुन्या ब्राउझरमध्ये तोही ‘ज्’ एवढंच हातात ठेवतो. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. मी सरळ गोल चिन्हात माणसाचं चित्र टाकतो. कटकट नको.

ओळ मोडण्यासाठी ‘वर्ड-ब्रेक’ला ‘ब्रेक-ऑल’ देऊ नका, शब्द वाटेल तिथे तुटतात. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ पुरतं. आणि परिच्छेद दोन्ही कडांना ताणून बसवायचा मोह आवरा. फोनच्या अरुंद पडद्यावर ‘व्यवस्थापनाच्या’सारखा एक शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

७. ठळक, तिरपं, अधोरेखित

आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे ‘अप्परकेस’चा मराठीवर काहीही परिणाम होत नाही. त्यावर उठाव अवलंबून ठेवला असेल तर मराठीत तो उठाव नाहीसाच होतो. तिथे जाडी किंवा रंग वापरा. ठळक वजनाची खरी फाइल जोडलेली नसेल तर ब्राउझर साधं अक्षरच फुगवतो आणि ‘क्ष’, ‘ह्म’ यांच्या पोटात शाई भरल्यासारखी होते. ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ दिलं की ही बनवाबनवी थांबते, आणि तिरप्या अक्षरांचीही. तिरपी देवनागरी मला वाऱ्याने कललेल्या ज्वारीसारखी दिसते, पण हा आवडीचा भाग.

लिंकखालची रेघ उकारांना छेदते किंवा त्यांना चुकवत तुटक होते. ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ पाव ईएम दिलं की ती खाली सरकते. ओळीची उंची आधी वाढवली असेल तरच तिला जागा मिळते, म्हणून हा क्रम.

८. आकडे

रकमा हाताने देवनागरीत लिहू नका. ‘इंटल नंबरफॉर्मॅट’ला ‘एमआर-आयएन’ सांगितलं की आकडेही देवनागरी येतात आणि स्वल्पविरामही लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात: ५,६७,८९०. तक्त्यात ‘टॅब्युलर-नम्स’ लावा, फॉन्टमध्ये सोय असेल तर एकाखाली एक आकडे सरळ रांगेत येतात. पासबुकाची सवय असलेल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

९. पान २०० टक्के मोठं करून बघा

ब्राउझरमध्ये झूम दुप्पट करा, मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करा, आणि दोन्ही वेळा ती वाईट ओळ फिरवून आणा. कुठे रफार गेला, उकार कापला गेला असं दिसलं तर त्या शब्दावर उजवं क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा आणि उंची, ओव्हरफ्लो, ओळीची उंची या तीन ठिकाणी बघा. माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा चोर यातच सापडतो.

पतसंस्थेत हे सगळं करून झाल्यावर मी ताईंना त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच मोठ्या अक्षरांत पान उघडायला सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बटण जवळून पाहिलं, म्हणाल्या, “रफार आला. पण हा ‘कर्ज’चा ‘र्ज’ जरा वरच्या रेघेला चिकटलाय बघा.” पॅडिंग दोन पिक्सेलने वाढवलं.