या चुका टाळा: इंग्रजीत कर्त्याआधी क्रियापद आणताना

‘आय वुड लाइक टू नो व्हेन विल द इंटरव्ह्यू बी हेल्ड.’ नोकरीच्या ईमेलमध्ये असं वाक्य सर्रास दिसतं. स्पेलिंग बरोबर, शब्द बरोबर, नम्रताही भरपूर. तरी वाक्य चुकलंय, कारण त्यातलं ‘विल’ नको तिथे उडी मारून बसलंय. हवं होतं ‘व्हेन द इंटरव्ह्यू विल बी हेल्ड’. गंमत म्हणजे हेच लिहिणारा माणूस खरा प्रश्न विचारताना ‘व्हाय यू आर लेट?’ म्हणतो. उलटवायचं तिथे सरळ आणि सरळ ठेवायचं तिथे उलट.

यात आपला फारसा दोष नाही. ‘मांजरीने उंदराला पकडलं’ म्हणा किंवा ‘उंदराला मांजरीने पकडलं’ म्हणा, ‘ने’ आणि ‘ला’ आहेत तोवर कोणी कोणाला पकडलं याबद्दल शंका येत नाही. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत. ‘द कॅट कॉट द माउस’मधली नामं अदलाबदल केली की थेट उंदीरच शिकारी होतो. तिथे शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती. शिवाय प्रश्न करायला मराठीला शब्द हलवावे लागत नाहीत. ‘तो घरी आहे’च्या शेवटी ‘का’ लावला की काम झालं. इंग्रजीला ‘का’ नाही, म्हणून ती ‘इज’ उचलून पुढे आणते: ‘इज ही ॲट होम?’

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. कर्त्याआधी सहसा फक्त साहाय्यक क्रियापद जातं. मुख्य क्रियापद आपल्या जागी बसून राहतं. आणि ही हालचाल मुख्य वाक्यात होते, त्याच्या पोटातल्या वाक्यात नाही.

पोटातला प्रश्न

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. ‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न. ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ हे विधान. मराठीत पहिले तीन शब्द दोन्हीकडे जसेच्या तसे राहिले. तीच सवय घेऊन आपण ‘व्हेअर इज ही’ हा अख्खा तुकडा उचलतो आणि ‘आय डोन्ट नो’च्या मागे जोडतो. होतं ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’. बरोबर वाक्य ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’.

ओळखायची खूण मराठीतच आहे, तो ‘ते’. मनातल्या मराठी वाक्यात ‘कुठे आहे ते’, ‘कधी येणार ते’, ‘का रागावला ते’ असा ‘ते’ आला, किंवा सहज घालता आला, की इंग्रजीत तो भाग सरळ ठेवायचा: ‘टेल मी व्हॉट युअर नेम इज’, ‘आय फर्गॉट व्हेन शी इज कमिंग’. प्रश्नात ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ असेल तर तोही गळतो आणि क्रियापद काळ आणि कर्त्याप्रमाणे आपलं रूप परत घेतं. ‘व्हेअर डझ शी लिव्ह?’ पण ‘डू यू नो व्हेअर शी लिव्ह्ज?’ या शेवटच्या वाक्याला प्रश्नचिन्ह आहे म्हणून गोंधळू नका. उलटापालट ‘डू यू’मध्ये एकदा होऊन गेली, तीच दुसऱ्यांदा करायची नाही. शेवटी ‘का’ असलेल्या, म्हणजे हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला ‘इफ’ किंवा ‘वेदर’ लागतं. ‘तो येतोय का ते विचार’ म्हणजे ‘आस्क हिम इफ ही इज कमिंग’. ‘आस्क हिम इज ही कमिंग’ हे बोलण्यात खपून जाईल, लिहिताना नको.

आणखी एक फसवा प्रश्न: ‘हू टोल्ड यू?’ इथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे, त्याच्या आधी नेण्यासारखं काही नाही. ‘हू डिड टोल्ड यू?’मध्ये ‘डिड’ नको होता, आणि आणला तर मागचं ‘टोल्ड’ही चुकलं.

नकार पुढे आला की

‘आय हॅव नेव्हर सीन सच अ क्राउड’ हे साधं वाक्य. जोर द्यायला ‘नेव्हर’ सुरुवातीला आणलं की ‘हॅव’ त्याच्या मागोमाग येतं: ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड.’ ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘लिटल’, ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’ यांचंही तसंच. हे जुन्या इंग्रजीचं अवशेषरूप आहे. त्या काळी वाक्याच्या आरंभी कोणताही शब्द आला तरी क्रियापद बहुधा दुसऱ्या जागी असे. जर्मन भाषा आजही ‘आज येतो मी’ अशाच क्रमाने बोलते. इंग्रजीने ती सवय टाकली, नकाराच्या जागी मात्र ती उरली.

साहाय्यक क्रियापद नसलेल्या वाक्यात पंचाईत होते. ‘शी सिंग्स’मध्ये हलवायला काहीच नाही. म्हणून लोक ‘नॉट ओन्ली शी सिंग्स’ लिहून मोकळे होतात, किंवा त्याहून धाडसी ‘नॉट ओन्ली सिंग्स शी’. इथे ‘डझ’ बाहेरून आणावा लागतो: ‘नॉट ओन्ली डझ शी सिंग, बट शी ऑल्सो राइट्स द लिरिक्स.’ ‘सिंग्स’चा ‘स’ कुठे गेला ते पाहा. तो ‘डझ’ने उचलला, म्हणून मागे नुसतं ‘सिंग’ उरलं. भूतकाळही तसाच ‘डिड’ उचलतो. ‘लिटल डिड आय नो’ बरोबर, ‘लिटल डिड आय न्यू’ चूक. आणि ‘बट’च्या पुढचा भाग सरळच राहतो, हेही पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.

‘नो सूनर’ शाळेत घोटून घेतलेलं असतं, तरी जोडीदार चुकतोच. ‘नो सूनर’सोबत ‘दॅन’ येतं, ‘व्हेन’ नाही. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, आणि तुलनेला ‘दॅन’ लागणारच. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ तुलना करत नाहीत, त्यांना ‘व्हेन’. ‘नो सूनर हॅड आय सॅट डाउन दॅन द फोन रँग’, पण ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग’.

आता उलट बाजू. नकाराचा शब्द दिसला की उलटवायचं, असं डोक्यात बसलं की नव्या चुका सुरू होतात. ‘नोबडी केम’, ‘नॉट अ सिंगल स्टुडंट फेल्ड’ यांत नकार कर्त्याचाच आहे, म्हणून क्रम सरळ. माझी आवडती जोडी म्हणजे ‘इन नो टाइम’ आणि ‘ॲट नो टाइम’. ‘इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क’ म्हणजे त्याने चुटकीसरशी काम संपवलं. काम झालं, नकार फक्त वेळेला चिकटलाय. ‘ॲट नो टाइम डिड ही आस्क फॉर हेल्प’ म्हणजे त्याने एकदाही मदत मागितली नाही. इथे नकाराने क्रियाच पुसली, म्हणून ‘डिड’ पुढे आला. शंका आली की एवढंच विचारा: क्रिया घडली का? नकारामुळे ती घडलीच नसेल, तर उलटवा. ‘नॉट लाँग अगो’नंतर क्रम का बदलत नाही, तेही यातून कळतं. (‘नॉट ओन्ली’, ‘नो सूनर’, ‘हार्डली’, ‘रेअरली’ यांना ही कसोटी लावू नका, ते वेगळे प्राणी आहेत.)

‘ओन्ली’ची खोच

‘ओन्ली आफ्टर आय रीच्ड होम डिड आय रिअलाइझ माय मिस्टेक.’ इथे दोन कर्ते, दोन क्रिया. पहिला ‘आय’ दिसला की हात शिवशिवतात आणि ‘ओन्ली आफ्टर डिड आय रीच होम’ असं लिहून होतं. घरी पोचणं हा पोटातला भाग, तो सरळ. उलटापालट पुढच्या मुख्य वाक्यात. ‘ओन्ली व्हेन’, ‘नॉट अन्टिल’ यांनाही हेच लागू. ‘ओन्ली’ काढून टाकलं तर मात्र सगळं सरळ होतं, आणि ‘ओन्ली माय सिस्टर न्यू’सारख्या वाक्यात ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागून असल्याने तिथेही काही हलत नाही.

‘इफ’ गाळूनही क्रम उलटतो: ‘हॅड आय नोन’, ‘शुड यू नीड हेल्प’, ‘वेअर आय इन युअर प्लेस’. यात ‘इफ’ आणि उलटा क्रम एकत्र नांदत नाहीत, म्हणून ‘इफ हॅड आय नोन’ चूक. नकार हवा असेल तर ‘नॉट’ सुटा ठेवायचा, ‘हॅड आय नॉट नोन’. ‘हॅडन्ट आय नोन’ नाही.

‘मी पण’ म्हणताना समोरच्याचं साहाय्यक क्रियापद उसनं घ्यायचं. ‘आय लाइक इट’वर ‘सो डू आय’, ‘आय ॲम टायर्ड’वर ‘सो ॲम आय’. सगळीकडे ‘सो ॲम आय’ ठोकून देणारे खूप आहेत. ‘नायदर’मध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे ‘नायदर डू आय’, दुसरा ‘डोन्ट’ नको.

‘हिअर’ आणि जागा दाखवणाऱ्या शब्दांनंतर मात्र अख्खं क्रियापद पुढे जातं, ‘डू’शिवाय: ‘हिअर कम्स द बस’. कर्ता सर्वनाम असला की परत सरळ, ‘हिअर इट कम्स’. ‘ऑन द शेल्फ वेअर थ्री ओल्ड क्लॉक्स’मध्ये ‘वेअर’ शेल्फकडे पाहून नाही, मागे उभ्या असलेल्या घड्याळांकडे पाहून आलंय.

एवढं जमलं की हौसेने प्रत्येक परिच्छेदात ‘नेव्हर हॅव आय’ येऊ लागतं. मित्राला मेसेज करताना ते भाषणासारखं वाटतं. तिथे ‘आय हॅव नेव्हर’च बरं. मी तर निबंधात एखाद्याच ठिकाणी ते ठेवतो, बाकीची सरळ करतो. पोटातल्या प्रश्नाची चूक मात्र रोजची. स्वतःच्या पाठवलेल्या ईमेलमध्ये ‘नो’ (माहीत असणे या अर्थाचा), ‘टेल’ आणि ‘आस्क’ हे तीन शब्द शोधा आणि त्यांच्या पुढचा शब्दक्रम तपासा.