सोलापुरात तीन दिवसाचं कपड्याचं दुकान टाकायचंय? मग आधी हे वाचा

पॉप-अप स्टोअर म्हटलं की आपल्याकडं लोकांना वाटतं हे मुंबई-पुण्याचं नवीन खूळ आहे, पण खरं सांगू का, संक्रांतीला होम मैदानावर गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरते ना, तेच आहे हे. काही दिवसच असतं, नंतर मिळणार नाही म्हणून माणूस आजच जातो. परदेशात मोठ्या ब्रँडनी हे साधारण २००० नंतर उचललं, २००२ च्या ख्रिसमसला टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत चक्क बोटीवर दुकान मांडलं होतं आणि २००४ मध्ये कॉम दे गार्सों या जपानी फॅशन ब्रँडनी बर्लिनमध्ये एक जुनी जागा स्वस्तात घेऊन वर्षभरासाठीच दुकान काढलं. आता मुंबई, पुणे, बंगळूरला इन्स्टावर कपडे विकणारी पोरंपोरी शनिवार-रविवार जागा घेतात कारण पक्क्या दुकानाचं भाडं आणि डिपॉझिट झेपत नाही आणि कापड तर फोनवर हाताला लागत नाही.

आमचं छोटं शिलाई युनिट आहे पूर्व भागात, चादरीच्या जेकार्ड म्हणजे विणतानाच नक्षी काढलेल्या कापडाची जॅकेटं आणि कॉटन कुर्ते करतो. तीन वेळा असं दुकान लावलं सोलापुरात, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी, काय विकायचं. नवी पेठ नाहीतर चाटी गल्लीत जे मिळतं तेच तुम्ही आणलं तर कोणी का यावं तुमच्याकडं, तिथं दर पण कमी आणि ओळखीचा दुकानदार. तुमच्याकडं पंधरा-वीसच डिझाइन असू द्या पण ती दुसरीकडं दिसता कामा नयेत. आणि लक्षात ठेवा, हे सोलापूर आहे, इथं घराघरात कोणीतरी यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात नाहीतर युनिफॉर्मच्या शिलाईत आहे किंवा होतं. गिऱ्हाईक कुर्ता हातात घेतं आणि पहिल्यांदा उलटा करतं. अंगठा आणि बोटाच्या मधे कापड चोळून बघतं, शिवण ताणून बघतं, ओव्हरलॉक म्हणजे कापडाच्या कडेची शिलाई नीट आहे का, काज-बटनाचे दोरे लोंबताहेत का ते बघतं आणि मग दर विचारतं. आमच्या पहिल्या दिवशी एक मावशी आल्या, जॅकेटच्या आतलं अस्तर बघून म्हणाल्या, "कापड लई चांगलं आहे ओ, पण शिवण इथं सुटणार बघा." खरंच सुटत होती. त्या रात्री बसून चाळीस जॅकेटांची बगल परत मारली आम्ही. म्हणून माल मांडायच्या आधी प्रत्येक पीस उलटा करून बघा, आणि रंग जातो का ते ओलं पांढरं फडकं घासून बघा, हे दोन तास वाचवू नका.

तारीख. गड्ड्याच्या दिवसात अजिबात लावू नका, सगळं गाव तिकडं असतं. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आणि लगीनसराईची सुरुवात सगळ्यात चांगली, जूनमध्ये आईबापाचे पैसे वह्या-पुस्तकं आणि युनिफॉर्मला जातात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, दुपारी चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा लावायचंच असेल तर संध्याकाळी पाच ते दहा ठेवा. अजून एक गोष्ट बाहेरच्याला कधीच सुचणार नाही ती म्हणजे पाणी. आपल्याकडं पाणी काही दिवसाआड येतं, आणि ज्या भागात ज्या दिवशी पाणी सुटणार त्या दिवशी त्या भागातल्या बायका घर सोडत नाहीत, तर जुळे सोलापूर असो नाहीतर होटगी रोड, ज्या भागातलं गिऱ्हाईक पाहिजे तिथला पाण्याचा वार आधी विचारून घ्या. आम्ही दुसऱ्या वेळी हे केलं नाही आणि शनिवारी दुपारपर्यंत भवानी पण झाली नाही.

जागा. छोटा हॉल, ओळखीच्या कॅफेचा मोकळा भाग, नाहीतर मेन रोडला रिकामा पडलेला गाळा. पार्किंग असलं पाहिजे हे पहिलं, गाडी लावायला जागा नसली की माणूस बघून पुढं निघून जातो. दोन-तीन दिवसाचा हॉल असेल तर पावतीवर सगळं लिहून घ्या, किती ते किती वाजेपर्यंत, लाइट बिल कोणाचं, डिपॉझिट कधी परत. एका हॉलवाल्यांनी आम्हाला "लाइटचं बघून घेऊ" म्हणलं आणि शेवटच्या रात्री वेगळे पैसे मागितले, कागद नव्हता म्हणून द्यावे लागले. त्याच हॉलला स्टीम इस्त्री आणि एसी एकदम लावला की एमसीबी म्हणजे लाइटचं मेन बटन पडायचं, तर आधी एकदा सगळं एकत्र चालवून बघा. महिना-दोन महिन्यासाठी गाळा घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच करा, महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. फक्त महाराष्ट्रात कपडे विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण उद्या हैदराबाद नाहीतर बंगळूरला स्टॉल लावायचा असेल तर तिकडं तात्पुरती नोंदणी लागते, ती ९० दिवसांची असते आणि अंदाजे टॅक्स आधीच भरावा लागतो, सीएला निदान दोन आठवडे आधी सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला जीएसटी ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के आहे, तर नोंदणी असेल तर २,६०० चं जॅकेट ठेवताना दहा वेळा विचार करा.

हिशोब आधी कागदावर मांडा. समजा भाडं १५ हजार, लाइट-रॅक ५, टेम्पो आणि दोन पोरं ६, बॅनर-पिशव्या ४, झाले ३० हजार. एका पीसमागं ३०० सुटत असतील तर १०० पीस विकल्यावर तुम्ही बरोबरीत. तीन दिवस रोज पाच तास म्हणजे पंधरा तास, तासाला जवळपास सात पीस. हा आकडा बघून पोटात गोळा आला तर खर्च कमी करा नाहीतर जागा दुसऱ्या एखाद्या दागिनेवालीबरोबर वाटून घ्या, आम्ही तिसऱ्यांदा तेच केलं आणि तिचं गिऱ्हाईक आम्हाला मिळालं, आमचं तिला.

मांडणीत एकाच गोष्टीवर पैसे घाला, ट्रायल रूम. कोपऱ्यात पाइपला पडदा लावून भागवू नका, पडदा जाड आणि जमिनीपर्यंत पाहिजे, दोन हुक, बसायला स्टूल, आतून लावायला क्लिप. आरसा उभा, पूर्ण पायापर्यंत दिसेल असा, आणि लाइट डोक्यावर नको, समोरून, आणि थोडा पिवळसर. पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये आमचा मरून कुर्ता तपकिरी दिसायचा, एका ताईंनी घालून बघितला आणि तोंड पाडून परत दिला, त्याच ताईंना दारात उजेडात नेऊन दाखवला तर दोन घेतले. सोबत आलेल्या सासूबाईंना, नवऱ्याला बसायला चार खुर्च्या आणि माठातलं थंड पाणी ठेवा, ते कंटाळले की गिऱ्हाईक उठतं.

दर चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. घासाघीस होणारच, तर "दोन घेतले तर शंभर कमी" असं आधीच ठरवून सगळ्यांना सारखंच द्या, एकाला कमी आणि एकाला जास्त दिलं की या गावात संध्याकाळपर्यंत कळतं. क्यूआर कोड दोन बँकांचे ठेवा, सुट्टे ठेवा, उधारी नको.

शेवटच्या दिवशी दुपारपासून आवरायला लागू नका, बरेच लोक शेवटच्या दोन तासातच येतात. एक वही ठेवा, कोणाला कुठला साइज मिळाला नाही, कोणी काय मागितलं, नाव-नंबर ते खुशीनं देत असतील तरच. आमच्या वहीत तिसऱ्या वेळी डबल एक्सएल अकरा जणींनी मागितला होता, आता आम्ही कटिंगच त्या हिशोबानं करतो. आणि रॅक खोलले की नट-बोल्ट एका पिशवीत घालून त्या रॅकलाच बांधा, पुढच्या वेळी सकाळी हार्डवेअरचं दुकान उघडायची वाट बघत बसायला नको.