थंडीत कुंड्यांना पाणी केव्हा आणि किती द्यावे?

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, आणि त्या दिवसांत कुंडीतील पाने पिवळी पडू लागली की पुष्कळ जण पाणी वाढवतात. प्रत्यक्षात बहुधा जास्त पाणी हेच त्यामागचे कारण असते. आपल्याकडची काळी माती ओलावा फार काळ धरून ठेवते, म्हणून बोट दोन इंच खाली खुपसून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच, तेही सकाळी ऊन आल्यावर, पाणी द्यावे. तुळस मात्र थंडीला फारच नाजूक असते. तिची कुंडी रात्री भिंतीच्या आडोशाला ठेवावी आणि मंजिऱ्या वेळेवर खुडाव्यात. मेथी आणि पालक यांची पेरणी निर्धास्तपणे करावी, कारण त्यांना हीच हवा मानवते.